कुणाशी बोलायला हवाय फोन?

परवा सूनबाई नवा मोबाईल घ्यायला निघाली. त्याआधी आठवडाभर घरात कॅमेरा, बॅटरी, मेमरी यांचाच जप चालला होता. चपला घालता घालता तिनं मला विचारलं, "आई, तुम्ही तर फोनच्याच दुकानात होतात. सांगा ना, कुठला घेऊ?"

मी सवयीनं म्हणून गेले, "कुणाशी बोलायला हवाय?"

ती खळखळून हसली. "बोलायला कोण घेतं हो आता फोन!"

तिचंही बरोबर आहे. पण जळगावच्या बाजारपेठेतल्या आमच्या दुकानात माझी सगळी नोकरी या एका प्रश्नावर चालली. आलेल्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हाच प्रश्न विचारायचा, मग काचेच्या कपाटाला हात लावायचा.

त्याआधीच्या काळात फोन निवडणं हा प्रकारच नव्हता. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि मग एके दिवशी खात्याची माणसं येऊन तो काळा, जड, तबकडीचा फोन भिंतीपाशी बसवून जायची. मिळेल तो आपला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे आपल्या पसंतीचा संच बाहेरून आणून लावायची मुभा मिळाली आणि आमचे मालक नाना यांनी रेडिओ नि कर्ण्यांच्या दुकानात फोनचं कपाट उभं केलं. माल दाखवायला मला ठेवलं. नाना म्हणाले, "शोभाताई, फोन विकणं सोपं आहे. माणूस काय मागतो आणि त्याला काय पाहिजे, यातला फरक तेवढा कळायला हवा."

तो फरक शोधायचा मला छंदच लागला. एका सराफांना लाल रंगाचाच फोन हवा होता. कारण काय, तर गादीवर पांढऱ्या चादरीवर तो लांबून दिसावा. डाळ मिलच्या एका मालकांना मी सुरेख, नाजूक घंटीचा संच दाखवला, तर ते म्हणाले, "ताई, आमच्याकडे माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही." त्यांना वेगळी मोठी घंटा जोडून दिली, शाळेच्या घंटेसारखी. ती वाजली की म्हणे शेजारच्या मिलमधले हमाल जेवायला उठायचे. सावद्याकडचे एक केळीचे व्यापारी बिनतारी फोन घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर. "बागेत चालत नाही!" बाग घरापासून किती लांब, विचारलं तर म्हणाले, "जवळच, मोटरसायकलवर दहा मिनिटं."

बटणांच्या फोनच्या बुडाशी एक बारीक खटका असायचा. जुन्या एक्स्चेंजला एक भाषा कळायची, नव्याला दुसरी. खटका त्या-त्या बाजूला सरकवावा लागे. तो चुकीच्या बाजूला राहिला की बटणं नुसती गाणी म्हणत, फोन कुठेच लागत नसे. रागावून आलेल्या कितीतरी गिऱ्हाइकांचा फोन मी नखानं दुरुस्त केला आणि चहा पाजून परत पाठवलं. तबकडीच्या फोनला घालायचं छोटं कुलूपही आम्ही विकत असू. एका घरच्या सासऱ्यांनी ते नेलं. पुढे त्यांची सून दुकानात आली तेव्हा हळूच मला म्हणाली, "कुलूप राहू द्या हो. रिसीव्हर ठेवायची ती दांडी आहे ना, ती मोजून टकटक दाबली की माझ्या माहेरी चोपड्याला बरोबर लागतो." तंत्र तिनं एकटीनं शोधून काढलं होतं. मी सासऱ्यांना काही बोलले नाही. त्यांना पाहिजे होतं कुलूप, ते मिळालं होतं.

असं बहुतेकांचं कोडं मला चार वाक्यांत सुटायचं. द्वारकाअक्कांचं मात्र सुटलं नाही.

बोदवडच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या त्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, कोरडवाहू कापसाची शेती स्वतः पाहायच्या. एकुलता मुलगा डिगंबर सुरतेला कापडाच्या यंत्रमागावर. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं, खेड्यांत छोटी एक्स्चेंजं येऊ लागली होती, आणि डिगंबरनं खटपट करून आईच्या घरी फोन आणवला होता. अक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा तो फोन पिशवीत, वर धुतलेल्या लुगड्याची घडी. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "बाई, हा बदलून दे. ह्याच्यात माह्या पोराचा आवाज येत नाही."

"ऐकूच येत नाही का अक्का? की बारीक येतो?"

"येतो ना, चांगला खणखणीत येतो. पन त्याचा नाही येत."

हे माझ्या नीट लक्षात येईना. मग त्यांनी समजावून सांगितलं. घरी फोन नव्हता तेव्हा डिगंबर दर रविवारी सुरतेतल्या एसटीडी बूथवरून पाटलांच्या घरी फोन करायचा. पाटलांच्याकडे जुना काळा फोन. त्यातून येणारा आवाज डिगूचा असायचा. घरी हा नवा बटणांचा आला आणि आवाज बदलला.

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. फोनमधून माणसाचा सगळा आवाज येतच नाही. खर्जातलं नि अगदी वरचं असं दोन्हीकडचं कापलं जातं, मधलं तेवढं पोचतं. त्यातून कानाशी धरायचा तो भाग हलका असला की भारदस्त माणूसही पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. मी त्यांना चांगल्या कानाचा दुसरा संच दिला. अक्कांनी तो कानाला लावून पाहिला, जणू आतमध्ये डिगंबर आधीच बसलाय, आणि घेऊन गेल्या.

पंधरवड्यात परत. "बाई, हाही तसाच. बोलनं त्याचं हाये, आवाज त्याचा नाही."

"बोलणं त्याचं म्हणजे?"

"म्हंजे इचारतो ते बरोब्बर इचारतो. धवळी गाय दूध देते का, माह्या गुडघ्याले तेल लावते का. डिगूशिवाय कोनाले ठाऊक ते? पन तोंड दुसऱ्याचं हाये."

नाना गल्ल्यावरून ऐकत होते. अक्का गेल्यावर म्हणाले, "म्हातारं माणूस आहे. पोरगा लांब गेला की आवाजही लांबचा वाटतो. पुढच्या वेळी आपला तो जुना काळा पडलाय ना, तो देऊन टाका."

गावातही लोक त्यांना असंच काही सांगत होते. कुणी म्हणे लाईनच खराब, कुणी म्हणे सुरतेचं पाणी बाधतं, गळा बदलतो. खुद्द डिगंबर फोनवर म्हणाला होता, "माय, मले सर्दी झाली व्हती." अक्का मला म्हणाल्या, "सर्दी काय चैतापासून पोळ्यापर्यंत राहते का?"

मी काळा फोन दिला. पाटलांच्या घरी होता अगदी त्याच जातीचा. या फोनच्या तोंडाशी कोळशाचे बारीक कण असतात, ते बसले की आवाज दबतो, म्हणून मी तो चांगला ठोकून, स्वच्छ करून दिला. मनात म्हटलं, आता तक्रारीला जागा नाही.

अक्का तोही परत घेऊन आल्या. या वेळी रागावलेल्या नव्हत्या. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि फार हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, मले येडी म्हनू नको. तू एकदा ऐकून पाह्य. मग तू म्हनशील तो फोन मी गुमान ठेवून घेईन."

तोवर हाच राहू द्या म्हणून मी काळा फोन अक्कांना परत दिला, पण त्या दिवशी माझं कामात लक्ष लागेना. फोन तोच, लाईन चांगली, कान चांगले. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाचा भोंगा कुठला आणि टेम्पोचा कुठला, हे अक्का बसल्या जागी सांगत होत्या. मग बदललं होतं ते काय? उत्सुकता म्हणा, हट्ट म्हणा, पुढच्याच रविवारी मी पॅसेंजरनं बोदवडला उतरून अक्कांचं घर गाठलं. पिशवीत दुकानातला सगळ्यात भारी संच घेतला होता. रिसीव्हर उचलायची गरज नाही, बटण दाबलं की पलीकडचं बोलणं साऱ्या खोलीत ऐकू येतं, तसला. नानांना म्हटलं, "दाखवायला नेतेय." ते म्हणाले, "न्या. पण ती बाई तोही परत आणणार."

अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नि ठेचा वाढला. जेवण झाल्यावर मी फोन जोडला, खटका पाहिला. आम्ही दोघी त्या फोनसमोर बसलो. दुपार कलायला लागली तेव्हा घंटी वाजली. मी बटण दाबलं.

"माय, मी बोलतो."

तरण्या माणसाचा, स्वच्छ, मायाळू आवाज. मला त्यात वावगं काही वाटेना.

"बोल बापा. जेवला का?" अक्का म्हणाल्या, पण पाहत होत्या माझ्याकडे.

"जेवलो." मग थोडं थांबून, "धवळी गाभण राहिली का?"

"राहिली."

पुन्हा तेवढंच थांबणं. "सोसायटीची सरकी आणली का?"

मी कान देऊन ऐकत होते. दर वाक्याच्या आधी तो थांबायचा. ओळ पुसटशी दिसत असावी आणि वाचायला वेळ लागावा, तसं. त्याच्या मागे सुरतेच्या रस्त्याचा गलबला होता आणि अगदी जवळ, त्याच्या बाजूलाच, कुणाचा तरी श्वास. घरघरता, ओला श्वास. बूथमध्ये दुसरं कुणीतरी होतं.

अक्का म्हणाल्या, "डिगू, औंदा कपाशीवर मावा पडला रे. मले तं रडू येते."

या वेळी तो थांबला नाही. कुणाची वाट न पाहता त्याच्या तोंडून निघून गेलं, "रडू नको ना माय. बठ्ठं बरं हुई जाई."

हे शब्द माझ्या ओळखीचे होते. माझं माहेर साक्रीकडच्या पिंपळनेरचं. ताप आला, परीक्षेत नापास झाले, सासरी निघाले, दर वेळी माझ्या आईनं मला हेच म्हटलं होतं, याच सुरात: बठ्ठं बरं हुई जाई. सगळं नीट होईल. साक्रीकडचा माणूस धीर देताना असं बोलतो. बोदवडकडचा माणूस जन्मात असं बोलायचा नाही. तो 'हाये' म्हणेल, 'होऊन जाईन' म्हणेल. संगतीनं एखादा शब्द चिकटतो, हे मला मान्य आहे. पण माणूस घाबरून धीर द्यायला जातो तेव्हा उसना शब्द तोंडात येत नाही.

अक्कांनी मला गप्प बसायला सांगितलं होतं. मी फोनकडे वाकले आणि माझ्या आईच्या अहिराणी बोलीत त्याचं गाव विचारलं, "भाऊ, तू कोन गावना शेस रे?"

"पिंपळनेरजवळना," तो म्हणाला.

आणि मग आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं असावं.

खोलीत नुसता सुरतेचा गलबला येत राहिला. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या आता. दोन्ही हात जमिनीवर टेकून त्या फोनच्या जवळ सरकल्या आणि त्यांनी विचारलं, "माहा पोरगा कोठी हाये?"

पलीकडून रडण्याचा आवाज आला. "अक्का, तो आठेच शे. मन्हा बाजूले उभा शे."

"इथंच आहे म्हणतो. त्याच्या शेजारी उभा आहे," मी म्हणाले. अक्कांना ते कळलेलं होतं.

त्या पोराचं नाव भटू. त्यानं रडत रडत, निम्मं अहिराणीत, निम्मं प्रमाण भाषेत सगळं सांगितलं. तो आणि डिगंबर एकाच कारखान्यात, एकाच खोलीत राहायचे. फाल्गुनात डिगंबरचा घसा बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी गळ्यात गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन करून आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. गळ्याला कायमचं भोक, श्वास तिथूनच. जीव वाचला होता, पण बोलता येणार नव्हतं, कधीच. आईला हे कळलं तर ती एकटी त्या घरात काय करील, या भीतीनं डिगंबरनं भटूकडून शपथ घेतली होती. त्याच सुमारास घरी नवा फोन लागला. मग दर रविवारी दोघं बूथमध्ये शिरत. डिगंबर पाटीवर खडूनं लिही, भटू वाचे. भटूनं बोदवडकडची बोली डिगंबरकडूनच शिकून घेतली होती, तो बोलू शकत होता तेव्हा ऐकून ऐकून.

ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांसमोर आमचं काचेचं कपाट आलं. त्यातला एकेक फोन मी या बाईला देऊन पाहिला होता.

अक्का रडल्या नाहीत. म्हणाल्या, "फोन त्याच्या कानाले लाव."

खडखड झाली. तो घरघरता श्वास आता स्पष्ट येऊ लागला.

"डिगू," त्या म्हणाल्या, "काहून रे असं केलं? तुही माय काय फुटका माठ हाये का, धक्का लागला की वाहून जाईन? तुहा बाप गेला तवा मी बसली का रडत? नांगर धरला मी. आन् तू दुसऱ्याच्या तोंडानं माह्याशी बोलतं? इतके दिवस मी पाटलाच्या घरी, दुकानात, जगात येडी ठरली. मले वाटलं..." इथं मात्र त्यांचा आवाज तुटला. "मले वाटलं तू या जगात नाहीस आन् लोक मले फसवून राहिले."

तेव्हा मला समजलं की एवढे दिवस ही बाई फोन बदलायला येत नव्हती. फोनमध्ये दोष निघावा म्हणून येत होती. प्रत्येक वेळी मी नवा संच हातात दिला की तिला पंधरा दिवसांची आशा मिळत होती.

मग पलीकडून एक आवाज आला. जीभ टाळूला लावून सोडल्यावर येतो तसा, टच् टच्, आणि पुन्हा जरा लांबवून, टच्.

अक्कांचा हात तोंडावर गेला. मी विचारलं, "काय झालं अक्का?"

"वखरावर उभा राहून बैलाले असाच हाकलायचा तो," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होत्या. "हा माहा डिगू. हाच." मग फोनकडे वाकून, "अरे, बैलानं ऐकलं असतं तं उठून चालाले लागला असता!"

आणि पलीकडून पुन्हा, घाईघाईनं, टच् टच् टच्. भटू मागे मोठमोठ्यानं हसत होता.

दुसऱ्या दिवशी भावाला बरोबर घेऊन अक्का सुरतेला गेल्या आणि काही दिवसांनी डिगंबरला घरी घेऊन आल्या. तो पुन्हा मागावर जाणार की शेतीत राहणार, यावर मायलेकांत पुष्कळ वाद झाला म्हणे. त्याच्या बाजूनं पाटीवर. शेवटी राहिला. सुरतेच्या धुळीत त्या गळ्यानं राहणं शहाणपणाचं नव्हतंच.

दिवाळीच्या बाजाराला दोघं दुकानात आले. उंच, सावळा, गळ्याला मऊ रुमाल गुंडाळलेला. माझ्याकडे बघून त्यानं हात जोडले आणि मग कपाटासमोर उभा राहून एकेक फोन न्याहाळू लागला. बटणं दाबून पाही, उलटा करून बुडाचा खटका शोधी. कानाशी धरी. मी पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली, पण न बोलणाऱ्या माणसाला इतक्या बारकाईनं फोन पाहताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मला एक रुखरुख तेव्हाही वाटली आणि आजही वाटते. ज्या आवाजासाठी मी एवढी धडपडले, तो मी कधी ऐकलाच नाही. कसा होता, असं अक्कांना विचारायचं अनेकदा ओठांवर आलं. विचारलं नाही.

अक्कांनी जुना काळा फोन परत आणला होता, आणि मी त्या रविवारी नेलेला भारी संच तेवढा ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. नानांना राहवेना. ते म्हणाले, "अक्का, आता पोरगा घरीच आहे. मग फोन हवाय कशाला? आणि तोही हा, खोलीभर ऐकू येणारा?"

"असं कसं? रविवारी भटूचा येतो ना."

"तो अजून करतो?"

"सवय लागली त्याले. दर रविवारी येतो त्याचा फोन. आता त्याच्या बोलीत बोलतो, मोकळा. मी आन् डिगू दोघं बसतो समोर. डिगूले समजते, तो हसतो." अक्कांनी पिशवीचं तोंड आवळलं. "मले निम्मं समजत नाही तो काय म्हनतो ते. पन बोलू देते."